जाहीरनाम्यातला रोजगार: प्रभागात चालतो कोणता, कागदावरच राहतो कोणता

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा आणि नगरपंचायती, १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिका. या दोन फेऱ्यांत घरोघरी आलेली पत्रकं, वचननामे आणि व्हॉट्सॲपवर फिरलेली ‘माझा प्रभाग, माझा संकल्प’ छापाची चित्रं शेजारी शेजारी ठेवली, तर रोजगार आणि धंद्याबद्दलची आश्वासनं साधारण आठ-नऊच निघतात. पक्ष कुठलाही असो, शब्द थोडे इकडचे तिकडे, माल तोच. त्यामुळे पक्षाचं परीक्षण करण्यापेक्षा मालाचंच करावं. कसोटी एकच: निवडून आल्यावर नगरसेवकाला हे करण्याचा अधिकार आहे का, त्याला पैसा कुठून येणार आणि वर्षभराने ते झालं की नाही हे कशावरून कळणार. त्यावर पाचपैकी गुण.

आधी पाया. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातून आलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. त्यात रस्ते, पाणी, घनकचरा, अग्निशमन हे आहेच. ‘आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन’ आणि ‘नागरी दारिद्र्य निर्मूलन’ हेही आहे. ‘रोजगार’ किंवा ‘उद्योग’ असा वेगळा विषय नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे (मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे) कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. सर्वसाधारण सभा धोरण ठरवते, अंदाजपत्रक मंजूर करते. स्थायी समिती निविदा आणि खर्च मंजूर करते. एकटा नगरसेवक प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो, अंदाजपत्रकात तरतूद सुचवू शकतो आणि आपल्या वाट्याच्या निधीतून (पुण्यात त्यालाच ‘स’ यादी म्हणतात) लहानसहान कामं करून घेऊ शकतो. नोकरी देऊ शकत नाही. इथून पुढचं सगळं या चौकटीत वाचायचं.

पैशाबद्दलची एक गोष्ट जाहीरनामे लिहिणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर, १ जुलै २०१७ पासून महापालिकांना राज्याकडून जीएसटीची भरपाई मिळते आणि ती दरवर्षी ठरावीक ८ टक्क्यांनी वाढते. म्हणजे शहरातल्या दुकानांची विक्री दुप्पट झाली काय किंवा निम्म्यावर आली काय, महापालिकेच्या हातात पडणारी रक्कम तीच. स्वतःची म्हणावी अशी वाढती कमाई उरते ती मालमत्ता कराची आणि बांधकाम परवानगीच्या शुल्कांची. स्थानिक धंद्यापेक्षा नव्या इमारतींकडे प्रशासनाचा ओढा का असतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे. ‘शहराच्या अर्थव्यवस्थेला चालना’ देऊ म्हणणाऱ्या उमेदवाराला हा हिशेब ठाऊक नसेल तर पुढची पानं उलटण्यात वेळ घालवू नये.

‘आयटी पार्क आणू’, ‘एमआयडीसी आणू’

पाचपैकी अर्धा गुण, तोही छपाईला. औद्योगिक क्षेत्र अधिसूचित करणं, जमीन संपादन करणं, भूखंड वाटणं ही कामं महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खाली राज्य सरकार आणि एमआयडीसी (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ) करतात. नगरसेवकाच्या ठरावाने एक गुंठाही अधिसूचित होत नाही. विकास आराखड्यात एखाद्या जागेचं आरक्षण बदलायचं असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, पण अंतिम मंजुरी नगरविकास खात्याची. त्यात जागा, रस्ता, पाणी, वीज आणि मुळात येणारी कंपनी असा प्रत्येक टप्पा दुसऱ्या कुणाच्या हातात.

यातला महापालिकेच्या कक्षेतला तुकडा मात्र खरा आहे: आधीच असलेल्या औद्योगिक वसाहतीत रस्ता, पावसाळी गटार, कचरा उचल आणि दिवाबत्ती. शहराच्या हद्दीत आलेल्या कित्येक जुन्या वसाहतींत कारखानदार मालमत्ता कर महापालिकेला आणि सेवाशुल्क एमआयडीसीला भरतात. खड्डा कोणी बुजवायचा यावर दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. ‘अमुक वसाहतीतले रस्ते कोणाकडे हे लेखी ठरवून घेऊ’ असं एखाद्या उमेदवाराने लिहिलं तर तो माणूस अभ्यासू समजावा. असं वाक्य पत्रकात शोधून सापडत नाही.

‘नोकऱ्यांत ८० टक्के भूमिपुत्र’

महापालिकेच्या जाहीरनाम्यात हे वाक्य नुसतं शोभेला. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिकांना घ्यावं असे राज्याचे शासन निर्णय आहेत. त्यांची देखरेख उद्योग विभागाकडे, महापालिकेकडे नाही. खासगी कंपन्यांवर कायद्याने सक्ती करायचा प्रयत्न हरियाणाने केला होता: ३० हजारांपर्यंतच्या पगाराच्या नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ ला तो कायदा घटनाबाह्य ठरवला. आणि ‘महापालिकेच्या भरतीत आपल्या प्रभागातल्यांनाच घेऊ’ हे तर सरळ घटनेच्या कलम १६ ला जाऊन धडकतं: सरकारी नोकरीसाठी रहिवासाची अट घालायचा अधिकार त्या कलमाने फक्त संसदेला दिला आहे. राज्याच्या विधिमंडळालाही नाही, मग प्रभाग कुठे.

‘रिक्त पदं भरू’

हे आश्वासन निम्मं खरं आहे आणि म्हणूनच नीट तपासण्यासारखं. रिक्त पदं खरोखर असतात, प्रत्येक महापालिकेत असतात. ती का भरली जात नाहीत याची कारणं ठरलेली आहेत.

पद भरण्याआधी ते मंजूर आकृतिबंधात, म्हणजे कोणत्या खात्यात किती पदं याच्या तक्त्यात, असावं लागतं. आकृतिबंधाला नगरविकास खात्याची मंजुरी लागते, आणि जुना आकृतिबंध शहर निम्म्याने लहान असतानाचा असतो. तो सुधारून पाठवला की मंत्रालयातून शंका येतात, त्यांची उत्तरं जातात, पुन्हा शंका येतात. दुसरी अडचण ३५ टक्क्यांची. पगार, भत्ते, निवृत्तिवेतन मिळून आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा हा सरकारचा दंडक. बहुतेक मध्यम महापालिका त्याच्या वर आहेत, त्यामुळे भरतीची परवानगी अडते. अत्यावश्यक सेवा म्हणून अग्निशमन, आरोग्य यांना सूट मिळवता येते, पण ती मागावी लागते. तिसरं म्हणजे बिंदुनामावली: आरक्षणाची नोंदवही मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतल्याशिवाय जाहिरात निघत नाही. मग टीसीएस किंवा आयबीपीएसकडून ऑनलाइन परीक्षा, निकाल, कागदपत्र पडताळणी, आणि मध्ये कुणी न्यायालयात गेलं तर थांबा.

म्हणून ‘दहा हजार पदं भरू’ या वाक्याला किंमत शून्य. ‘सुधारित आकृतिबंध पहिल्या सहा महिन्यांत सभेपुढे आणू आणि आस्थापना खर्चाची टक्केवारी दर तिमाहीला जाहीर करू’ याला चार गुण द्यायला हरकत नाही. अनुकंपा यादी आणि सफाई कामगारांच्या वारसांच्या लाड-पागे समितीनुसारच्या नेमणुका हा तर त्याहून सोपा विषय. पद आहे, माणूस ठरलेला आहे, फाइल हलायची आहे. एवढ्याच कामाचा पाठपुरावा करणारा नगरसेवक वर्षाला डझनभर कुटुंबांच्या घरात पगार सुरू करून देऊ शकतो, पण फलकावर ते फार मोठं दिसत नाही.

‘प्रभागातल्या ५०० तरुणांना काम’

याचा खरा अर्थ बहुतेक वेळा कंत्राटी काम: सफाई, उद्यान, सुरक्षा रक्षक, पाणीपुरवठा, दवाखान्यातले मदतनीस. इथे आकडेमोड करूनच बघावी. समजा मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून महिना १८,००० रुपये धरले. भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा वाटा प्रशासकीय आकारासह १३ टक्के. तो १५,००० च्या मर्यादेवर भरला तर १,९५० रुपये. राज्य कामगार विम्याचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५. बोनस ८.३३ टक्के, सुमारे १,५००. बेरीज २२ हजारांच्या जरा वर. ठेकेदाराचा ५ टक्के सेवा आकार धरला की २३,१०० च्या आसपास. एका माणसाचे वर्षाला पावणेतीन लाखांहून जास्त, ५०० माणसांचे जवळपास १३ कोटी ९० लाख. हे दरवर्षी. प्रभागाच्या निधीतून हे निघत नाही, शिवाय तो निधी कामांसाठी असतो, पगारासाठी नाही. मग हे ५०० आधीच्याच ठेक्यातून येणार. म्हणजे कुणाला तरी काढून.

आणि इथेच खरा घोळ असतो. ठेका ११ महिन्यांचा किंवा तीन वर्षांचा; ठेकेदार बदलला की जुन्यांना ‘बसा घरी’, नव्यांकडून शब्द टाकल्याचे पैसे. निविदा किमान वेतनाच्या इतक्या जवळच्या दराने भरलेली असते की सेवा आकार एक टक्क्याच्याही खाली दिसतो. एवढ्यात धंदा परवडत नाही हे उघडच आहे, मग तो परवडवला जातो कामगाराच्या पगारातून: हजेरीपटावर ३०० माणसं, झाडू हातात २४०; पगार खात्यात जमा, पण एटीएम कार्ड मुकादमाकडे; भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, भरला जात नाही. कामगाराला हे कळतं तेव्हा ठेका संपलेला असतो. ठेकेदाराने वेतन थकवलं तर मुख्य मालक म्हणून महापालिकेवर जबाबदारी येते, हे प्रशासनाला माहीत असतं. ठेकेदाराच्या सुरक्षा ठेवीतून ते वळतं करायला कोणी सांगत नाही, इतकंच.

या भागात नगरसेवक खरोखर काही करू शकतो, कारण निविदेच्या अटी स्थायी समितीपुढे येतात. चांगल्या जाहीरनाम्यात पुढच्या अटी सापडायला हव्यात. महिन्याच्या बिलासोबत मागच्या महिन्याचं भविष्यनिर्वाह निधीचं ईसीआर (कामगारनिहाय भरण्याचं विवरण) आणि चलान जोडल्याशिवाय बिल निघणार नाही. नुसतं चलान पुरत नाही, ईसीआरमध्ये नावानिशी रक्कम असते आणि ती हजेरीपटाशी पडताळता येते. सेवा आकाराची खालची मर्यादा निविदेतच ठरवायची, म्हणजे शून्य टक्क्याची निविदा बाद. ठेकेदार बदलला तरी कामावरची माणसं तीच राहतील. पगारपत्रक कामगाराला दरमहा, मराठीत. यातलं एकही कलम छापलेलं नसेल आणि ‘५०० तरुणांना काम’ तेवढं मोठ्या अक्षरात असेल, तर हे काम कोणाला आणि कशाच्या बदल्यात, हे विचारावं.

फेरीवाले: सगळ्यात मोठा रोजगार, सगळ्यात कमी शाई

शहरातला स्वयंरोजगार खऱ्या अर्थाने महापालिकेच्या मुठीत आहे तो इथे. २०१४ चा पथविक्रेता कायदा अंमलबजावणीचं जवळपास सगळं स्थानिक संस्थेवर सोपवतो. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण. सर्वेक्षणातल्या सर्वांना सामावून घ्यायचं, मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्के. ४० हजार लोकसंख्येच्या प्रभागाला हे प्रमाण लावलं तर एक हजार विक्रेते. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही उठवायचं नाही. हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर यादी करून द्यायची. दंड भरल्यावर नाशवंत माल मागितल्या दिवशी परत, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या, त्यातल्या एक तृतीयांश महिलांच्या. अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी.

एवढा स्पष्ट कायदा असून जागेवर काय होतं? सर्वेक्षण ॲपवर होतं, सकाळी ११ वाजता, जेव्हा भाजीवाला माल आणायला मंडईत गेलेला असतो आणि संध्याकाळी बसणारा वडापाववाला घरी असतो. नाव सुटतं. रहिवासी दाखला मागितला जातो, तो भाड्याच्या खोलीवाल्याकडे नसतो. यादी तयार होते, हरकती येतात, समितीची निवडणूक लांबते, आणि मग ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं वर्षानुवर्षं चालू राहतं. तोपर्यंत अतिक्रमणाची गाडी येतच असते. गाडी येणार हे काहींना आदल्या दिवशी कळतं, काहींना कळत नाही. हा फरक फुकट पडत नाही.

फेरीवाला क्षेत्राचा प्रस्ताव आला की सगळ्यात आधी विरोध कोण करतं? त्याच प्रभागाचा नगरसेवक. ‘विक्रेत्यांना न्याय, पण आमच्या रस्त्यावर नको.’ सोसायट्यांची मतं एकगठ्ठा असतात, गाडीवाल्याचं मत बऱ्याचदा गावी. त्यामुळे जाहीरनाम्यात एका पानावर ‘फेरीवाल्यांचं पुनर्वसन’ आणि दुसऱ्यावर ‘अतिक्रमणमुक्त पदपथ’ असं दोन्ही सुखाने नांदतं. दोन्ही एकत्र शक्यही आहेत, पण मग कोणत्या रस्त्याची कोणती बाजू, किती फुटांचे पट्टे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कचरा कोण उचलणार, पाण्याचा नळ कुठे, हे लिहावं लागतं. ज्याने रस्त्यांची नावं लिहिली त्याला आमचे साडेचार गुण. मग ती नावं पटोत न पटोत.

याच विषयाला जोडून पीएम स्वनिधी. जून २०२० मध्ये सुरू झालेली ही केंद्राची योजना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्याने आखली गेली आणि ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली. पहिलं कर्ज १५ हजारांपर्यंत, ते फेडल्यावर २५ हजार, मग ५० हजार. वेळेवर हप्ते भरले तर ७ टक्के व्याज अनुदान. तारण नाही. ‘आम्ही फेरीवाल्यांना कर्ज देऊ’ असं छापणारा उमेदवार केंद्राची योजना आणि बँकेचा पैसा स्वतःच्या नावावर खपवतो. त्याच्या हातात असलेली गोष्ट वेगळी आहे: ज्याचं नाव सर्वेक्षणात नाही त्याला महापालिकेचं शिफारसपत्र लागतं, आणि अर्ज तिथेच अडतो. शिफारसपत्र किती दिवसांत, कोणत्या खिडकीवर, एवढं सांगितलं तरी पुरे. बँकेत अर्ज परत येण्याची नेहमीची कारणं आधार आणि मोबाइल क्रमांक न जुळणं, आधीचं थकलेलं मायक्रोफायनान्सचं कर्ज आणि शाखेतली अनास्था. पहिल्या कारणावर प्रभाग कार्यालयात एक टेबल लावून उपाय होतो. बाकी दोनांवर नगरसेवकाचा इलाज चालत नाही.

शिलाई मशीन, पिको-फॉल, ब्यूटी पार्लर

महिलांचा रोजगार म्हटलं की जाहीरनामा या तीन शब्दांपलीकडे जात नाही. महिला व बालकल्याण समितीच्या निधीतून हे होतं, कायदेशीर आहे, करता येतं. दोष योजनेत नाही, पुढच्या टप्प्यात आहे. ५ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानंतर वस्तूऐवजी लाभार्थीच्या खात्यात रक्कम द्यायची पद्धत आली. हेतू चांगला, खरेदीतला मलिदा बंद करणं. पण आधी स्वतःच्या पैशाने मशीन घ्या, जीएसटीची पावती लावा, मग पैसे जमा होतील, असं राबवलं की जिला मशीनची खरी गरज आहे तीच बाहेर राहते. दुसरं असं की एका वस्तीत चाळीस मशीन वाटली म्हणजे चाळीस ब्लाउज शिवणाऱ्या झाल्या. गिऱ्हाईक तेवढंच, शिलाई मात्र उतरली.

मशीनसोबत कामाची मागणी कोण देणार हे ज्याने लिहिलं तो जाहीरनामा वेगळा काढावा. महापालिकेकडे मागणी आहे: शाळांचे गणवेश, दवाखान्यातल्या चादरी, सफाई कामगारांचे गणवेश, शालेय पोषण आहाराची स्वयंपाकघरं, कार्यालयांची उपाहारगृहं. अडथळा निविदेतल्या उलाढालीच्या अटीचा आणि अनामत रकमेचा. ‘मागच्या तीन वर्षांत दोन कोटींची उलाढाल’ अशी अट बचत गटाला पहिल्याच पायरीवर बाहेर काढते. काम लहान भागांत तोडून, उलाढालीची अट त्या भागाच्या प्रमाणात ठेवली तर गट टिकतात. उलट बाजूही सांगितली पाहिजे: गटाच्या नावावर ठेका आणि मागून चालवणारा जुनाच ठेकेदार, हे नमुने कमी नाहीत. बँक खात्यातून सदस्यांना मजुरी जाते का, हे बघितलं की गटाचा खरा मालक कोण ते कळतं.

मेळावे आणि प्रशिक्षण

थोडक्यात उरकतो. रोजगार मेळावा घेणं सोपं: मंडप, पाण्याच्या बाटल्या, पंधरा कंपन्यांची टेबलं. ‘१,२०० जणांना जागेवर नियुक्तिपत्र’ अशी बातमी येते. तीन महिन्यांनी किती जण कामावर आहेत, हा आकडा कोणीच काढत नाही. कंपन्या मुख्यतः मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सी, काम दुसऱ्या तालुक्यात, पगारातून खोलीभाडं गेलं की हातात काही उरत नाही. मुलं आठवड्याभरात परततात. दोन गुण, तेही अर्ज भरायला मदत होते म्हणून.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ची, राज्याची. बारावीला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार महिना. मुदत आधी सहा महिने, नंतर ११ केली. महापालिकांनीही त्यातून माणसं घेतली. पुढे कायम करू असं कोणी तोंडी सांगितलं असेल तर ते विसरावं. योजनेत तशी तरतूद नाही.

इथे एक पडून राहिलेली गोष्ट आहे आणि ती कुठल्याच पत्रकात दिसत नाही: शिकाऊ उमेदवार. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. महापालिकाही आस्थापनाच. ८,००० कर्मचाऱ्यांच्या महापालिकेत किमान २००, जास्तीत जास्त १,२००. विद्युत विभागात तारतंत्री, पाणीपुरवठ्यात पंप चालक, कार्यशाळेत डिझेल मेकॅनिक, कार्यालयात संगणक चालक. आयटीआयच्या मुलाला वर्षभर विद्यावेतन आणि वर्षाअखेरीस परीक्षा देऊन प्रमाणपत्र, ज्याला खासगी कंपनीतही किंमत आहे. आकृतिबंध लागत नाही. लागतं काय, तर पोर्टलवर जागा भरणारा एक जबाबदार अधिकारी, प्रत्येक खात्यात शिकवायला तयार असलेला एक फोरमन आणि विद्यावेतनाची अंदाजपत्रकात तरतूद. आपल्या महापालिकेत सध्या किती आहेत हा प्रश्न उमेदवाराला विचारून पाहावा. बहुतेकांना प्रश्नच नवा वाटेल.

व्यापारी, लहान पुरवठादार, गाळे

‘व्यापाऱ्यांना त्रासमुक्त वातावरण’ हे वाक्य गोड आहे, पकडायला काही नाही. लहान आस्थापनांना २०१७ च्या दुकाने कायद्याने नोंदणीऐवजी नुसती सूचना दिली की चालतं, आणि ते काम मुंबई सोडली तर कामगार खात्याचं. महापालिकेचं उरतं ते व्यवसाय परवाना, अग्निशमन ना हरकत, पाटीचं शुल्क, वाहनतळ. कोणता परवाना किती दिवसांत, न दिल्यास पुढे कोणाकडे, हे लिहिलं असेल तरच तो मुद्दा वाचावा.

मंडईतले गाळे हा जुना दुखरा भाग. बांधून तयार, ई-लिलावात अनामत आणि भाडं इतकं चढतं की खरा विक्रेता मागे सरतो. घेणारा घेतो आणि पोटभाड्याने देतो, किंवा कुलूप. ज्यांच्यासाठी मंडई बांधली ते समोरच्या रस्त्यावरच बसतात. लिलावात काही गाळे प्रमाणपत्रधारक विक्रेत्यांसाठी राखून ठेवू, पोटभाडेकरू सापडल्यास करार रद्द करू, ही दोन कलमं पुरेशी आहेत. पोटभाडेकरू शोधायला वीजबिल आणि जीएसटी नोंदणीवरचं नाव बघितलं तरी पुष्कळ कळतं.

जिल्हा परिषदेचं पत्रक हातात असेल तर छोट्या बांधकामांच्या कामवाटपाचं प्रमाण बघा: ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंते, ३३ टक्के मजूर सहकारी संस्था, ३४ टक्के खुले. बेरोजगार अभियंत्याच्या नोंदणीवर दुसराच माणूस काम करतो हा इथला नेहमीचा रोग.

आणि शेवटचा मुद्दा बिलांचा. स्थानिक अर्थव्यवस्थेसाठी महापालिका करू शकते त्यात इतकं परिणामकारक दुसरं काही नसेल. खडू-फळ्यापासून औषधांपर्यंत आणि संगणक दुरुस्तीपासून छपाईपर्यंत पुरवठा करणारे लहान उद्योजक सहा-सहा महिने बिलासाठी लेखा विभागात खेटे घालतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. पुरवठादाराची उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारी पोर्टलवरची) करार होण्याआधीची हवी, नाहीतर दावा अडतो. हक्क कागदावर आहे, पण वापरणारे थोडे, कारण पुढचं काम त्याच खात्याकडून घ्यायचं असतं. उपाय असा: प्रत्येक बिलाची आवक तारीख आणि अदा केल्याची तारीख संकेतस्थळावर, आवक क्रमाने. क्रम मोडला तर कारण लिहायचं. याला वेगळा निधी लागत नाही, मंत्रालयाची मंजुरी लागत नाही, नुसता सभेचा ठराव आणि लेखाधिकाऱ्याची नाराजी सोसायची तयारी लागते.

हे सगळं पडताळायला उमेदवाराच्या शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही. तरतूद बघायची तर अंदाजपत्रकाच्या पुस्तिकेत लेखाशीर्ष शोधायचं आणि सुधारित अंदाजाच्या रकान्यात खर्च किती झाला ते बघायचं; एक कोटी मांडले आणि चार लाख खर्ची पडले, असं तिथेच दिसतं. नगरसेवकाने प्रश्न विचारला का, ते सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात. शिकाऊ उमेदवारांची संख्या, ठेकेदारनिहाय ईसीआर, पथविक्रेता समितीच्या बैठकांच्या तारखा यांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ईसीआर मागताना कामगारांचे आधार आणि खाते क्रमांक झाकून द्या असं अर्जातच लिहावं, नाहीतर वैयक्तिक माहितीच्या नावाखाली सगळंच नाकारतात. चार जणांचा एक प्रभाग असलेल्या शहरांत अर्जात चारही नगरसेवकांची नावं घालून माहिती मागवावी; एकाचंच नाव घातलं तर बाकीचे तिघे ‘तो विषय माझ्याकडे नव्हता’ म्हणायला मोकळे.